नानखटाई : नांव आणि पूर्वेतिहास

वतनपत्रें, महजर, शकावल्या आणि ताम्रपट यांत रमणाऱ्या वाचकांपुढें दिवाळीच्या फराळांतील एका पदार्थाचा विषय मांडतांना आम्हांस किंचित् संकोच वाटतो. तथापि या विषयास थोर पूर्वाधार आहे. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ सालीं जिलबीच्या इतिहासावर निबंध लिहिला आणि इ. स. १४५० च्या सुमारास रचलेल्या जिनसूरकृत ‘प्रियंकरनृपकथे’पर्यंत त्या पदार्थाचा माग काढला. ज्या काटेकोरपणानें ते हस्तलिखितांचा काळ ठरवीत, त्याच काटेकोरपणानें त्यांनीं जिलबीचाही काळ पाहिला. खाद्यपदार्थाच्या इतिहासास नांव, कृति आणि प्रघात असे तीन साक्षीदार असतात. नानखटाईपुरत्या या तिन्ही साक्षी तपासाव्या आणि त्यांतून निघणारी एक विनंती संग्राहकांपुढें ठेवावी, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) नांवाची साक्ष

‘नान’ हा फारशी शब्द असून त्याचा अर्थ भाकरी अथवा रोटी, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो उत्तरपदाविषयीं. त्याच्या तीन व्युत्पत्ती ऐकूं येतात.

पहिली अशी कीं, ‘खटाई’ म्हणजे आंबटपणा. पूर्वीं पीठ ताडीनें अगर दह्यानें आंबवीत, म्हणून हें नांव पडलें. ही व्युत्पत्ति कानास गोड लागते. परंतु पदार्थ तोंडांत घालतांच ती खोटी ठरते. ज्या पदार्थांत आंबटपणाचा लेश नाहीं, किंबहुना जो केवळ तूप आणि साखर यांवर उभा आहे, त्यास ‘आंबट रोटी’ कोण म्हणेल? दुसरी व्युत्पत्ति सांगते कीं, अफगाणांच्या भाषेंत ‘खताई’ म्हणजे सहा, आणि पदार्थास सहा जिन्नस लागतात म्हणून हें नांव. परंतु फारशींत सहा या संख्येस ‘शश’ म्हणतात आणि पश्तूंत ‘श्पग’. दोहोंपैकीं एकाही शब्दाचा ‘खताई’शीं संबंध जुळत नाहीं. येथें जिन्नस मोजून मग शब्द बनविलेला दिसतो.

तिसरी व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते. दहाव्या शतकापासून बाराव्या शतकाच्या प्रथम चरणापर्यंत उत्तर चीनवर खितान नामक लोकांचें राज्य होतें. त्यांची एक शाखा पश्चिमेस येऊन मध्य आशियांत १२१८ पर्यंत नांदली. या लोकांवरून फारशी ग्रंथकार उत्तर चीनास ‘खिता’ अथवा ‘खता’ म्हणूं लागले. मार्को पोलोचा ‘कॅथे’ तो हाच, आणि रशियन भाषेंत चीनचें नांव आजही ‘कितै’ असेंच आहे. कॅथे आणि चीन हे देश दोन कीं एक, याचा उलगडा युरोपीयांस पुष्कळ काळ होत नव्हता. जेसुइट पंथांतील बेंतो द गोइश हा १६०२ सालीं आग्र्याहून निघाला; लाहोर, काबूल, यार्कंद या मार्गानें १६०५ च्या अखेरीस तो चीनच्या वायव्य सरहद्दीवरील सूचौ येथें पोहोंचला आणि १६०७ सालीं तेथेंच वारला. त्याच्या प्रवासानें हे दोन देश एकच असल्याचें सिद्ध झालें. म्हणजे युरोपीयांस जी गोष्ट इतक्या सायासानें कळली, ती गोष्ट हा फारशी शब्द आधींपासून पोटांत बाळगून होता.

‘खता’ देशाचें जें तें ‘खताई’. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें विशेषण अपरिचित नसावें. कारण फारशी लेखनकलेच्या ग्रंथांत ‘खताई’ कागदाचा उल्लेख येतो. हिरातचा प्रसिद्ध सुलेखनकार सुलतान अली मशहदी यानें आपल्या १५१४ च्या सुमाराच्या पद्यग्रंथांत या कागदाची वाखाणणी केली आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १५१६ सालीं, अली अकबर खताई यानें चीन देशाचें वर्णन करणारा ‘खताईनामा’ लिहिला. त्याच्या नांवांतही हेंच विशेषण आहे. जें विशेषण कागदास लागलें आणि माणसास लागलें, तेंच रोटीस लागलें, असें मानण्यास अडचण कोणती? गंमत अशी कीं, फारशी लिपींत हा ‘खता’ आणि अपराध या अर्थाचा ‘खता’ एकाच अक्षरांनीं लिहितात. केवळ अक्षरांवर भिस्त ठेवणारा कोणी यास ‘अपराधाची रोटी’ही म्हणूं शकेल!

तेव्हां ‘नान-इ-खताई’ हें मूळ. मराठींत त्याचें ‘नानखताई’ व्हावयाचें, तें ओळखीच्या ‘खटाई’ शब्दाच्या ओढीनें ‘नानखटाई’ झालें आणि पुढें महाप्राण गळून घरोघरीं ‘नानकटाई’ झालें. आम्हीं लेखाच्या मथळ्यांत रूढ रूपच ठेविलें आहे. शुद्ध रूपाचा आग्रह धरून पदार्थ अधिक गोड होत नाहीं.

येथें एक इशारा आवश्यक आहे. नांव चीनचें म्हणून पदार्थ चीनमधून आला, असें अनुमान करूं नये. हिंदींत साखरेस ‘चीनी’ आणि खडीसाखरेस ‘मिसरी’ म्हणतात. तेवढ्यावरून ऊंस चीनचा किंवा मिसरचा ठरत नाहीं. पुण्यांतील १९५५ सालीं स्थापन झालेल्या कयानी बेकरीचीं श्रूजबेरी बिस्किटें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांस इंग्लंडांतील एका गांवाचें नांव असलें तरी तीं पुण्याचींच. देशवाचक विशेषण पुष्कळदां ‘त्या धर्तीचें’ अगर ‘नामांकित’ एवढेंच सांगतें. नांवावरून निश्चयानें इतकेंच म्हणतां येतें कीं, हा पदार्थ फारशी बोलणाऱ्या स्वयंपाकघरांतून आपल्याकडे आला. अफगाणिस्तानांत ‘खताई’ याच नांवानें खुसखुशीत, वर पिस्त्याचा चुरा लाविलेली गोड टिकली सणावारीं भाजतात, हें या मतास पोषक आहे.

(२) सुरतेची कथा

नानखटाईच्या जन्माची जी कथा आज सर्वत्र छापली जाते, ती सुरतेची. वलंदेजांनीं सुरतेस भट्टी घातली. ते गेल्यावर ती भट्टी त्यांच्या पदरच्या पारशी कामगाराकडे, म्हणजे दोतीवाला घराण्याकडे आली. ताडीनें फुगविलेल्या पावास गिऱ्हाईक उरलें नाहीं. तेव्हां ताडी व अंडीं वगळून, तूप व साखर घालून नवा पदार्थ काढिला आणि तीच नानखटाई, असा या कथेचा सारांश.

ही कथा सर्वस्वीं टाकाऊ आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. सुरतेच्या भट्ट्यांनीं या पदार्थास आजचा आकार दिला असेल, आणि गुजराती व पारशी मंडळींबरोबर तो मुंबईस आला असेल, हें संभवनीय आहे. परंतु ‘जन्म’ म्हणतांना दोन अडचणी येतात.

पहिली अडचण कालाची. वलंदेजांची वखार सुरतेस सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत आली आणि १८२४ च्या तहान्वयें १८२५ सालीं ती इंग्रजांच्या स्वाधीन झाली. दुकानाच्या स्थापनेचें वर्ष मात्र १८६१ असें सांगतात. मधलीं ३६ वर्षें कथेंत कोठेंच दिसत नाहींत. वखार उठली म्हणून पाव खपेना व पाव खपेना म्हणून लगेच नवा पदार्थ निघाला, ही सांखळी त्या ३६ वर्षांत तुटते.

दुसरी अडचण शब्दाची. जेथें परकी भट्टी खरोखरच माता असते, तेथें तिचा शब्दही मागें राहतो. पोर्तुगीजांनीं ‘पाव’ दिला आणि शब्दही दिला. गोव्यांत पाववाल्यास ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच. वलंदेजांची गोष्टही तशीच. त्यांच्या भाषेंत लहान केकास ‘कुक्ये’ म्हणतात. ज्या १६६४ सालच्या जानेवारींत श्रीशिवछत्रपतींनीं सुरत लुटली, त्याच सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील वलंदेजांचें न्यू ॲम्स्टरडॅम इंग्रजांच्या हातीं जाऊन त्याचें न्यूयॉर्क झालें. राज्य गेलें, परंतु त्या वस्तीचा ‘कुक्ये’ अमेरिकेच्या इंग्रजींत ‘कुकी’ होऊन राहिला, आणि आज तेथें नाताळास घरोघरीं ज्या गोड टिकल्या भाजतात त्यांस हेंच नांव आहे. सुरतेस याच्या उलट घडलें. वलंदेजांची वखार तेथें दोनशें वर्षें होती, तरी या पदार्थाचें नांव फारशीच राहिलें. आमच्या मतें याचा अर्थ उघड आहे : वलंदेजांची भट्टी सुरतेस होती, परंतु नांव तिच्यांतून निघालेलें नाहीं, आणि ज्याचें नांव आधींचें, तो पदार्थ कोणत्या ना कोणत्या रूपानें आधींचाच असला पाहिजे.

(३) भट्टी आणि सोंवळें

आतां याहून महत्त्वाचा प्रश्न. मैदा, पिस्ता, हलवा, बर्फी हे शब्द फारशीवाटे येऊन मराठी घरांत केव्हांच स्थायिक झाले. कारण ते पदार्थ घरच्या चुलीवर होत. नानखटाईची गोष्ट निराळी आहे. आपल्या दिवाळीचा फराळ पाहावा : करंजी, चकली, शंकरपाळे, अनारसे, कडबोळीं हे सर्व कढईंतले, लाडू पाकांतले किंवा भाजून वळलेले. बंद भट्टींत चोहोंकडून धग देऊन भाजावयाचा पदार्थ त्यांत एकच, नानखटाई. आपल्या घरीं चूल होती, वैल होता, शेगडी होती, भट्टी नव्हती. म्हणून हा एकच पदार्थ अर्धाकच्चा घराबाहेर जाई आणि भाजून परत येई.

भाजण्याची क्रिया आपणांस परकी होती, असें नव्हे. यज्ञांतील पुरोडाश कपालांवर भाजीत. अमरकोशांत आपूपिक, कान्दविक आणि भक्ष्यकार हे समानार्थी शब्द दिले आहेत. पैकीं ‘कान्दविक’ म्हणजे कन्दूवर, भाजण्याच्या पात्रावर, पदार्थ करणारा. ‘भट्टी’ हा शब्दही संस्कृत ‘भ्राष्ट्र’ शब्दाचाच वंशज होय. परंतु मध्यंतरींच्या शतकांत पावाची भट्टी ख्रिस्ती, मुसलमान आणि पुढें इराणी लोकांच्या हातीं राहिली, आणि पाव हा धर्मांतराचें चिन्ह समजला जाऊं लागला. मुंबईस १८४९ सालीं स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश घेणारास ख्रिस्ती भट्टींतील पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण होती, आणि ती सभासदांस गुप्त ठेवावी लागे. ज्या भट्टीच्या एका तुकड्यानें माणूस वाळींत पडूं शकत होता, त्याच भट्टीकडे पुढें आमच्या आज्या दिवाळीपूर्वीं स्वतः डबे पाठवूं लागल्या. हें कसें घडलें?

याचें उत्तर पदार्थाच्या कृतींत आहे, असें आमचें अनुमान आहे. नानखटाईंत पाण्याचा थेंब नाहीं आणि अंडें नाहीं. तूप परातींत हातानें पांढरें होईपर्यंत फेटावयाचें, त्यांत पिठीसाखर मिळवावयाची, मग मैदा व थोडा रवा; वेलदोडे, जायफळ आणि वर चारोळी. निबंधग्रंथांत उद्धृत केलेल्या कांहीं स्मृतिवचनांत ‘कन्दुपक्व’ आणि ‘स्नेहपक्व’, म्हणजे भाजलेलें आणि तुपातेलांत शिजविलेलें, अशा दोन्ही प्रकारच्या अन्नास परान्नाच्या दोषांतून सूट दिली आहे. नानखटाई या दोन्ही कलमांत बसते. आमच्या आज्यांनीं स्मृति वाचल्या नव्हत्या. परंतु पाण्याचें तें खरकटें आणि तुपाचें तें चालतें, हा प्रघात त्यांच्या हाडांत होता. पीठ आपलें, तूप आपलें, मळणारा हात आपला; भट्टीवाल्याचा फक्त अग्नि, आणि अग्नीस विटाळ नाहीं. या वाटेनें पहिला डबा उंबऱ्याबाहेर गेला असावा. हा विटाळाचा विचार अन्यायाचा होता, त्याचा गौरव करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु भिंत कोणत्या फटींतून प्रथम ओलांडली गेली, हें पाहणें इतिहासाचें काम आहे.

गोव्यांत ही फट शोधण्याचें कारण पडलें नाहीं. तेथील ख्रिस्ती घरांत नाताळाच्या ‘कुस्वारां’त नेवऱ्या आणि कुलकुलांच्या शेजारीं नारळ व रवा घालून भाजलेलीं ‘बोलिन्यां’ सुखानें बसतात.

(४) एका वहीची साक्ष

अनुमानास लेखी आधार हवा, हें आम्ही जाणतों. मराठींतील छापील पाकग्रंथ प्रसिद्धच आहेत : १८७५ चें गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’, १९१० चें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’, १९७० चें कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’. परंतु छापील ग्रंथ कृति सांगतो. ती कोणीं, कोठें आणि कोणत्या अडचणींत केली, हें सांगत नाहीं. तें हस्तलिखित वह्यांत सांपडतें.

आमच्या मातोश्रींच्या आत्याबाई मुंबईस गिरगांवांत राहत. त्यांची पाककृतींची एक वही आमच्याजवळ आहे. तिच्यावर तारीख नाहीं. तथापि अंतर्गत पुराव्यावरून काल ठरवितां येतो. नानखटाईच्या पानावर मूळ मजकुरांत ‘तूप’ असून त्यावर त्याच शाईनें ‘डालडा’ लिहिलें आहे. डालडा बाजारांत आला १९३७ सालीं. खालीं रेशनची साखर दोन महिने राखून ठेवावी, अशी टीप आहे. मुंबईस शिधावाटप १९४३ सालीं सुरू झालें. भट्टीवाल्याचा हिशेब आण्यांत आहे; दशमान नाणें १ एप्रिल १९५७ पासून आलें. म्हणजे हें पान १९४३ नंतर आणि १९५७ च्या सुमारापूर्वीं लिहिलें गेलें, असें खात्रीनें म्हणतां येतें. प्रमाण शेरांत आहे : मैदा एक शेर, तूप अर्धा शेर, साखर अर्धा शेर. मुंबईचा जुना शेर ८० तोळ्यांच्या शेराहून पुष्कळ लहान होता. यांतील शेर कोणता हा प्रश्न येथें गौण आहे, कारण दोनास एक, एक हें प्रमाण कोणत्याही शेरानें तेंच राहतें.

परंतु आम्हांस मोलाच्या वाटल्या त्या कडेच्या सूचना. पाणी लावूं नये. डबा तिसऱ्या प्रहरीं न्यावा, म्हणजे पाव निघून भट्टी उतरलेली असते. पत्रा भट्टीवाल्याचा, पण त्यावर कागद आपला घालावा. आणि मुलास शेजारीं उभें करावें. पत्र्यावरील तो आपला कागद हाच आमच्या अनुमानाचा पुरावा आहे. दोन घरांच्या मध्यें एका कागदाएवढें अंतर राखून हा व्यवहार चालला होता.

त्याच पानावर पुढें दुसऱ्या हाताची अक्षरें आहेत, बॉलपेनची. तीं आमच्या मातोश्रींचीं. त्यांनीं शेरांचे ग्रॅम केले : मैदा २५०, तूप १२५, साखर १२५. ‘पाणी लावूं नये’ हें वाक्य त्यांनीं पुन्हां लिहिलें आणि खालीं रेघ मारली. कागदाची सूचना मात्र त्यांनीं उतरून घेतली नाहीं. आमच्या लहानपणीं पुण्यास आम्हीच डबा घेऊन भट्टीवर उभे राहत असूं, आणि तेथें आमच्या पत्र्यावर कागद नव्हता, हें आम्हांस स्वच्छ आठवतें. आठवतें तें पत्र्याच्या कोपऱ्यांत खोंचलेली नांवाची चिठ्ठी आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या घरीं जाईल ही धास्ती. म्हणजे एका पिढींत विटाळ गेला आणि नियम राहिला. तो राहिला, कारण त्यास दुसरेंही कारण होतें : पाणी लागलें कीं मैद्यास चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. लोण्यांत पाण्याचा अंश असतो, तुपांत जवळजवळ नसतो; म्हणूनच तुपाची नानखटाई वर तडकते आणि जिभेवर विरते. सोंवळ्यानें सांगितलेलें आणि चवीनें सांगितलेलें येथें एकच निघालें. गेल्या दिवाळींत आम्हीं मातोश्रींच्या प्रमाणानें पितळी पातेल्यांत वाळू तापवून, झांकणावर निखारे ठेवून एक घाणा काढून पाहिला. तळ किंचित् करपला; परंतु कृति खरी ठरली.

(५) विनंती

आतां आमचा स्वतःचा अपराध. आत्याबाईंच्या वहीसारखीच, किंबहुना तिच्याहून जुनी, एक वही आमच्या आजीची होती. ती मोडींत होती. सेवानिवृत्तीनंतर घर बदलतांना आम्हीं संस्कृत पोथ्या एकेक पान मोजून रेशमी वस्त्रांत बांधल्या, आणि ती वही तेलकट, फाटकी, बायकी म्हणून रद्दींत घातली. पहिला डबा भट्टीकडे कोणत्या सालीं गेला, आणि तेव्हां पत्र्यावर कागदच होता कीं आणखी कांहीं, हें तींत असूं शकत होतें. ज्या पोथ्या आम्हीं जपल्या, त्यांच्या दुसऱ्या प्रती अन्य संग्रहांत आहेत. त्या वहीची दुसरी प्रत कोठेंच नव्हती.

म्हणून संग्राहकांस आमची प्रार्थना आहे कीं, जुन्या वाड्यांतून दफ्तर उचलतांना कागदपत्रांच्या रुमालाबरोबर फडताळांतील वहीही मागून घ्यावी. ती कोणत्या घरची, कोणत्या गांवची, कोणाच्या हातची, हें त्याच दिवशीं पहिल्या पानावर लिहावें. मधले हिशेबाचे चिठोरे काढून टाकूं नयेत. आण्यांचा एक आंकडा पानाचा काल ठरवून जातो. वेगवेगळ्या हातांच्या नोंदी निरनिराळ्या मोजाव्या. आणि तुपाचे डाग पुसण्याच्या खटपटीस लागूं नये. ज्या पानावर डाग अधिक, ती कृति त्या घरांत अधिक वेळां झाली, इतकें तरी ते डाग प्रामाणिकपणें सांगतात.

आत्याबाईंच्या वहींतील नानखटाईचें पान सर्वांत तेलकट आहे. ज्या वाचकांच्या घरीं अशी वही असेल, त्यांनीं तींतील हें एक पान उघडून पाहावें आणि पत्र्यावरील कागदाचा उल्लेख त्यांत आहे कीं नाहीं, हें या त्रैमासिकाच्या द्वारें अवश्य कळवावें.